नव्वद मिनिटं उभ्यानं

"घाई केली क्लबनं," इडलीचा तुकडा सांबारात बुडवत नागराज म्हणाला. "अजून तीन-चार महिने पायजे होते. लिहून घे गुरू, कार्तिकचा गुडघा पुन्हा जातोय."

"नाही जात," महांतेश म्हणाला. "आठ महिने झालेत. एका डाव्या पायावर खाली बसून उठतोय तो, वीस-वीस वेळा. मी बघितलोय की."

"कुठं बघितलास?"

"मोबाईलवर. क्लब टाकतंय नव्हे व्हिडिओ. रोज बघतोय."

रविवारचे पाच वाजले होते. स्टेडियमसमोरच्या दर्शिनीत, उभ्यानं खायच्या हॉटेलात, उंच टेबलाभोवती तिघे उभे होते, अंगात फुटबॉल क्लबचे निळे शर्ट. नागराजच्या घराण्याला बेंगळुरात चार पिढ्या झाल्या. रिक्षा चालवतो, मॅचला ढोल वाजवतो. श्रीरंग पुण्याचा, मारतहळ्ळीत कॉम्प्युटरवर बसतो. महांतेश निपाणीकडचा, पीण्या औद्योगिक वसाहतीत टर्नर. एकोणीस वर्षं एकाच कारखान्यात, त्यातली बारा एकाच लेथवर. या तिघांना एकत्र आणणारी गोष्ट एकच, त्यांची टीम, आणि ती सध्या गुणतक्त्यात अकरावी होती.

"बोर्डाला पॅनिक झालंय," श्रीरंग म्हणाला. "कार्तिक जखमी झाल्यापासून सात मॅचेस हरलो. म्हणून त्याला आज बेंचवर घेतलंय. मेडिकली हा वेडेपणा आहे."

"तू डॉक्टर की काय रे?" नागराज म्हणाला. "आमचा डॉक्टर हा. विचार, कुठल्या आठवड्यात सायकल, कुठल्या आठवड्यात पळायचं. सगळं पाठ आहे याला."

पाठ होतंच. ज्या आठवड्यात कार्तिकचा गुडघा मैदानात पिळवटला, त्याच आठवड्यात महांतेश कारखान्यात कूलंट सांडलेल्या फरशीवरून घसरला होता. गुडघा तोच, डावा. कार्तिकला स्ट्रेचर आलं, संध्याकाळी स्कॅन झाला, दुसऱ्या दिवशी क्लबनं पत्रक काढलं आणि शहरभर लोक हळहळले. महांतेशला दोघांनी बखोटीला धरून नळापाशी बसवलं. कंपनीनं कागदावर लिहिलं, घरी पडला. सहीही त्याचीच घेतली. गुडघ्याला जात नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे दोन गुडघे शेजारी ठेवून बघावेत.

दवाखान्यात स्कॅनचा नंबर चार महिन्यांनी आला. तोवर सूज उतरली होती. महांतेश गेलाच नाही. पोरगं करतंय ते आपण करू, एवढाच त्याचा हिशोब. कार्तिकनं टाचेखाली टॉवेल घेतला की महांतेशनं घेतला. कार्तिक पायऱ्या चढला की हा चाळीचे तीन मजले चढला. बायको अनुसूया म्हणायची, "त्या पोराच्या मागं किती माणसं आहेत बघा, आणि तुमच्या मागं मी एकटी, तीपण भाकऱ्या सोडून." तरी ती मोबाईल समोर धरून उभी राहायची आणि आकडे मोजायची.

आठ महिने तो पॅकिंगमध्ये स्टुलावर बसून खोकी बांधत होता. शुक्रवारी सुपरवायझर रघुनंदन म्हणाला, "सोमवारी सांग. पाळीभर उभा राहणार असशील तर लेथ तुझं. नाहीतर धनलक्ष्मीला देतो, आणि तू कायमचा पॅकिंगला."

म्हणून महांतेशनं आजची मॅच परीक्षा म्हणून नेमली होती. गोलमागचा त्यांचा स्टँड उभ्यांचा. तिथं शेवटच्या शिट्टीपर्यंत कुणी बसत नाही, मध्यंतरातसुद्धा नाही. जो टेकेल त्याच्यावर सगळा स्टँड गाणं म्हणतो. आत्तापासून मॅच सुटेपर्यंत चार तास. तेवढा उभा राहिला तर उद्या लेथ.

हे त्यानं दोघांना सांगितलं. नागराजनं पाठीत थाप घातली. श्रीरंगनं कॉफीचा पेला खाली ठेवला.

"अण्णा, तुमची सर्जरी कुणी केली?"

"कसली सर्जरी? व्यायाम करतोय की."

"अहो, पण त्याच्या गुडघ्यात नवीन लिगामेंट बसवलंय. ते व्हिडिओ त्याच्यानंतरचे आहेत. तुमचं आत तुटलेलंच असेल तर..."

"असेल तर! तुला आतलं दिसतंय?"

"म्हणूनच म्हणतो, तो स्कॅन..."

"सोड रे," नागराज म्हणाला. "मॅचच्या दिवशी अपशकुन नको. चला, गेट उघडलं."

पहिला हाफ बरा गेला. मध्यंतरात महांतेशनं वजन उजव्या पायावर टाकलं आणि कुणी बघितलं तर नाही ना, हे बघितलं. त्रेसष्टाव्या मिनिटाला कार्तिक मैदानात आला तेव्हा स्टँड थरथरला. सात मिनिटांनी त्याच्याकडे पहिला नीट चेंडू आला. डाव्या पायावर सगळा भार घेऊन तो गर्रकन वळला, आणि समोरचा बचावपटू भलतीकडेच गेला.

"टिकला!" महांतेश ओरडला. "गुडघा टिकला रे त्याचा!"

ओरडताना तोही वळला होता, तसाच, त्याच पायावर. आत काहीतरी सरकलं. दाराची कडी निसटावी तसं. त्यानं नागराजचा खांदा धरला. ढोल वाजवणाऱ्याचा खांदा. तो कसला आधार देतोय! आठ मिनिटं महांतेशनं तशीच काढली. मग तो खाली बसला.

स्टँडला आयतं गिऱ्हाईक मिळालं. "अज्जा, कुर्ची बेका?" मागच्या रांगेनं सुरू केलं, बाकीच्यांनी उचललं. म्हातारबा, खुर्ची हवी का? शंभरेक गळे, टाळ्यांच्या तालात. नागराजनं एकदा खाली पाहिलं, ढोल थांबवला. महांतेश म्हणाला, "वाजव की. नियम आहे." नागराजनं वाजवला.

मग सगळ्या पाठी एकदम उसळल्या. महांतेशला मैदान दिसलं नाही. निळे शर्ट दिसले, पोटऱ्या दिसल्या, आणि कानात नुसता कल्लोळ.

"कुणी मारला?" त्यानं विचारलं.

श्रीरंग त्याच्याशेजारी उकिडवा बसला होता. "कार्तिकनं. डाव्या पायानं."

"चांगलं झालं," महांतेश म्हणाला. ते त्यानं मनापासून म्हटलं.

सोमवारी खोलीत रघुनंदननं विचारायच्या आधीच महांतेश बोलला. "लेथ तिला द्या. पण पहिला तास मी शेजारी उभा राहीन."

"सरी, तसं कर," रघुनंदन कागदांवरून मान न उचलता म्हणाला.

धनलक्ष्मीनं टोपीत केस कोंबले. तिला काम येत होतं, ते त्यालाही माहीत होतं. तरी ती म्हणाली, "सांगा अण्णा."

"सकाळचे पहिले दोन पीस बाजूला टाक. थंड असताना हे खोटं माप देतंय. रघुनंदन ओरडला तर ओरडू दे."

तिनं मशीन सुरू केलं. पहिला पीस टाकला, दुसरा टाकला. महांतेश एक हात भिंतीला लावून डोळे मिटून उभा होता. तिसऱ्याला पात्यानं लोखंड धरलं, आणि शेवटपर्यंत एकाच सुरात सोललं. तिनं पीस मायक्रोमीटरमध्ये धरला आणि माप वाचायला वाकली.

तास भरला नव्हता, तरी तोवर महांतेश पॅकिंगकडे वळला होता. माप बरोबर होतं. आवाजावरूनच त्याला कळलं होतं.