निखारा झेलणारा हात

चिमट्यात निखारा होता आणि कमलाचा हात पुढे आला होता.

देवीच्या पाराभोवती माणसाला माणूस चिकटून उभा होता. थेट हिंगणीपासून बैलगाड्या आल्या होत्या. बोर नदीकाठच्या आमच्या गावानं एवढी गर्दी कधी पाहिली नव्हती, आणि गर्दीत एवढी शांतताही. नुकत्याच गावात आलेल्या जटाधारी निखारेबाबानं तो लाल इंगळ कमलाच्या करंगळीखाली, तळहाताच्या कडेवर टेकवला. कातडीचा वास सुटला. कमलाची पापणीसुद्धा हलली नाही.

"देखो! पोरीचा हात देवीनं मागून घेतला! अब अग्नी इसकी दासी है!"

बाया तिच्या पायांवर लोटल्या. सासू अनुसयाबाई सर्वांत पुढे. "माही सून देवीची झाली व माय!"

बाबानं हात वर केला. "पुनवेले ही तापलेला त्रिशूळ मुठीत धरून गावाले फेरी मारीन. मग बघा, गावात बिमारी येते का!"

मी गावच्या शाळेतली मास्तरीण. तो वास घरी पोचेपर्यंत माझ्या पदराला होता. सोबत तानाबाई होती, आमच्या भजनी मंडळाची म्होरकी. तिला सुख-दुःख ओवीतूनच सुचायचं. वाटेत ती गुणगुणली:

हाती घेतला इंगळ, हात काहाले जळेना
माह्या बाईच्या जिवाले, काय झालं ते कळेना

मग एकदम थांबली. "मास्तरीणबाई, पिसाच्या वक्ताले कमलाचा हात पाह्यला होता का आपण?"

पाहिला नव्हता. सरकारी कुष्ठ दवाखान्याचे प्रभाकरराव दर मंगळवारी सायकलवर गावात येत. पण परपुरुषाला चट्टा दाखवायला बाया तयार नव्हत्या. म्हणून आम्ही भजनी मंडळाच्या बायांनी त्यांच्याकडून तपासणी शिकून घेतली होती. डोळे मिटायला सांगायचं, कोंबडीच्या पिसानं हलकं शिवायचं, आणि कुठं शिवलं तिथं बोट ठेवायला लावायचं. घरोघर आम्ही तसं पाहिलं. फक्त अनुसयाबाईनं "नव्या सुनेचं अंग काय बाजारात मांडाचं हाय?" म्हटलं, आणि आम्ही हळदीकुंकू घेऊन उंबऱ्यावरूनच परतलो. यादीत कमलाच्या नावापुढे 'पाहिले' असं मीच लिहिलं होतं.

मंगळवारी प्रभाकररावांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. तेच जास्त लागलं.

"महारोगात शीर मेली की विस्तव कळत नाही," ते म्हणाले, "पण मांस तर जळतंच. तो त्रिशूळ धरला, तर मुठीतली बोटं राहणार नाहीत."

"मी अनुसयाबाईकडे जाऊन आली," तानाबाई म्हणाली. "दार लावून घेतलं तिनं. मले एकच समजत नाई. गावात एवढ्या बाया, अंगारा देता देता त्यातून त्यानं हिचाच हात कसा काढला?"

पुनवेला भर दुपारी पारावर भट्टी धगधगत होती, शेजारी हाताला हळद लावून कमलाला बसवलं होतं. त्रिशूळाची टोकं पांढरट लाल झाली होती. गर्दी निखाऱ्याच्या दिवसापेक्षा दुप्पट. आम्ही साऱ्या भजनी बाया अंगारा घेणाऱ्या रांगेत उभ्या राहिलो. बाबा प्रत्येकीच्या मनगटावर, मग करंगळीच्या बाजूला अंगठ्यानं राख चोळत होता. माझी पाळी आली. काहीतरी कचकन बोचलं, मी हात ओढला.

"पापी हाथ! पाप असन तरच टोचते, माई!" लोक हसले.

माझ्यामागे तानाबाई. तिचा हात बाबाच्या हातात गेला. ओठ घट्ट मिटलेले, नजर समोर. ती हलली नाही.

बाबाचे डोळे चमकले. "इस माई पर भी देवी आली! हिलेबी काही टोचत नाई!"

"टोचते ना, बाबा," तानाबाई शांतपणे म्हणाली. "लय टोचते. देवी नाई आली, काटा आला." आणि तिनं त्याचा अंगठा धरला तो सोडलाच नाही. नखाखाली मेणानं बसवलेलं बाभळीच्या काट्याचं टोक तिनं सगळ्यांसमोर उपसलं. "जी ओरडली ते पापी, जी गप राह्यली ते देवीची! असा निवडून राह्यला हा!"

गर्दीत थांबलेले प्रभाकरराव पुढे आले. "लोकहो, हा तपासणी आमचीच करतो. बधिर हात सापडला की आम्ही औषध देतो, हा विस्तव देतो." त्यांनी कमलाच्या तळहातावरची हळद पुसली. खाली फोड फुटून कच्चं मांस दिसत होतं.

"महारोग!" कोणीतरी ओरडलं.

आणि मग जे झालं ते निखाऱ्याहून भयंकर होतं. चार दिवसांपूर्वी पाया पडलेली माणसं एकमेकांना तुडवत मागे सरली. त्या रेटारेटीत बाबा निसटला. पारावर कमला एकटी उरली.

"मले दुखत नोयतं," ती हळूच म्हणाली, "म्हून साऱ्याइले चांगली वाटत होती मी."

तानाबाई तिच्याशेजारी बसली. तो हात तिनं मांडीवर घेतला. प्रभाकरराव अनुसयाबाईला म्हणाले, "दोन बोटं वाकू लागली आहेत. आज औषध सुरू केलं, तर बाकीची वाचतील."

गाव तिच्याकडे बघत होतं. मग तिनं देवीपुढची भरली घागर उचलली आणि त्रिशूळावर उपडी केली. वाफेचा लोट उठला.

"चाल कमले, दवाखान्यात," ती म्हणाली.

कमला आता गोळ्या घेते. दोन बोटं वाकडीच राहिली; बाकीच्यांनी ती भाकर थापते. निखारेबाबा मात्र सापडला नाही. नदीपलीकडच्या गावात कोणी जटाधारी अंगारा वाटतो, असं परवाच ऐकलं.

म्हणून सांगते, बायांनो. दुखणं हा शरीराचा राखणदार आहे. जिथं दुखायला हवं आणि दुखत नाही, तिथं देवी नसते, रोग असतो, आणि तो औषधानं हटतो. पलीकडच्या गावातही एखादा हात असेल. त्याच्यापुढे निखारा येण्याआधी कोणीतरी उंबरा ओलांडा, तो हात हातात घ्या, आणि विचारा, "बाई, मी शिवलेलं तुला कळतं का?"