न दिसणारा सांधा

मिस्त्री निवृत्त होऊन तीन महिने झाले होते आणि त्यांनी घरच्यांचा जीव मेटाकुटीला आणला होता. फडताळाची फळी तिरकी आहे, उंबरा एका बाजूला खचलाय, डबे ओळीत नाहीत, असं सकाळी उठल्यापासून जे सुरू व्हायचं ते झोपेपर्यंत. शेवटी बायकोने लेकीपुढे हात जोडले. "आज यांना तुझ्याबरोबर ने बाई. आणि लवकर परत आणू नकोस."

लेक बंदराकाठच्या जुन्या शहरात गाइड होती. गर्दीचे तांडे नेणारी नव्हे; एका वेळी एकच पाहुणा किंवा एकच कुटुंब, आणि अख्खा दिवस त्यांचाच.

"चला, पण एका अटीवर," ती म्हणाली. "मध्ये बोलायचं नाही, बाबा."

"मी कशाला बोलू? तोंडाची वाफ दवडायचं काम तुझं," मिस्त्री म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

हे तिला नवीन नव्हतं. चाळीस वर्षं दगड घडवून भिंती उभ्या केलेल्या माणसाला, नुसतं चालत चालत बोलणं हे काम वाटत नव्हतं. सात वर्षांत ते एकदाही तिची फेरी ऐकायला आले नव्हते. तिला ते लागायचं, पण बापाला सांगणार कोण? आज मात्र परीक्षेला निघाल्यासारखी ती वाटभर फेरीतली वाक्यं मनात घोळवत होती.

पाहुणे होते एक निवृत्त प्राध्यापक. किनाऱ्यावरच्या तटबंद्यांवर त्यांची तीन जाडजूड पुस्तकं होती, चौथं चालू होतं. आल्या आल्या त्यांनी मिस्त्रींना आपादमस्तक न्याहाळलं आणि स्वतःची वह्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली. लेक लालेलाल झाली. मिस्त्रींनी पिशवी खांद्याला अडकवली आणि डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

ती सुरू झाली आणि मग मात्र थांबली नाही. गोदीकडून वर येणाऱ्या पायऱ्यांवर तिने प्राध्यापकांना डावीकडच्या भिंतीवरून हात फिरवायला लावला. कमरेच्या उंचीवर दगड गुळगुळीत झाला होता. "हमाल उजव्या खांद्यावर ओझं घेऊन चढायचे. डाव्या हाताने आधार घ्यायचे. इथे राजांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, पण त्या हमालांचे हात मात्र राहिलेत." पुढे एका घराच्या ओट्यावर लोखंडी कडी होती, पाण्यापासून चांगली दोनशे पावलं दूर. समुद्र तेव्हा इथवर होता आणि होड्या दारात बांधत. "ही कडी कुणी ठोकली?" प्राध्यापकांनी विचारलं. "माहीत नाही," तिने सरळ सांगून टाकलं. माहीत नसेल तर गोष्ट रचून सांगायची नाही, हा तिचा पहिल्या दिवसापासूनचा नेम होता. त्यापायी बक्षिशीवर पाणी सोडावं लागे, कारण लोकांना रचलेलीच गोष्ट जास्त आवडते.

मिस्त्री मागून येत होते. मध्येच ते त्या पायऱ्यांकडे परत गेले आणि भिंतीला हात लावून आले. तिने ते पाहिलं, पण वळली नाही.

दुपार कलताना तिघे समुद्राकडच्या तटावर आले. इथे ती नेहमी एवढंच सांगायची, की एकोणतीस वर्षांपूर्वीच्या वादळात तटाचा काही भाग कोसळला आणि तो पुन्हा बांधला. कुठून कुठवर, ते सांगणारं कुणी नाही. सांगू शकणारा एक जण तिच्या घरातच होता. पण डागडुजीचा सांधा दाखवायचा नाही, दिसला तर काम फसलं, अशी मिस्त्रींच्या धंद्यातली शिस्त. लेकीने लहानपणापासून कितीदा विचारलं, मिस्त्री मिशीत हसून विषय बदलत.

"सांगायला कशाला कुणी हवं?" प्राध्यापक म्हणाले आणि मापाची टेप काढली. "डोळे असले की पुरे. हा बुरुजालगतचा तुकडा बघा. चारशे वर्षांचा अस्सल! काय बसवलाय एकेक दगड, केस शिरायचा नाही. आणि पलीकडे बघा, कुण्या अडाणी गवंड्याने ठिगळ लावलंय. माझ्या नव्या पुस्तकात यावर चाळीस पानं आहेत. खाली आभार म्हणून तुमचं नावही घालतो."

लेकीने बापाकडे पाहिलं. मिस्त्री समुद्राकडे तोंड करून उभे होते, पण कान लाल झाले होते आणि मिशी हलत होती. तिला एका क्षणात सगळा उलगडा झाला. प्राध्यापक ज्याला चारशे वर्षांचं म्हणत होते ते तिच्या बापाचं होतं, आणि ज्याला ठिगळ म्हणत होते ते खरं जुनं. अभिमानाने तिला ओरडावंसं वाटलं. पण पुस्तक छापलं गेलं, की बापाचं काम कायमचं दुसऱ्याच्या खात्यात जाणार होतं, आणि खाली साक्षीला तिचं नाव.

"बाबा, खरं काय ते सांगा यांना."

"बाबा?" प्राध्यापक दचकले. घाईघाईने त्यांनी स्वतःची पिशवी परत घेतली.

"कशाला?" मिस्त्री हळूच म्हणाले. "चारशे वर्षांचं म्हणतायत ना, म्हणू दे. याहून मोठं सर्टिफिकेट मला कोण देणार?"

"तुम्हाला सर्टिफिकेट, आणि मी खोटी? माझ्या कामात खोटं चालत नाही, बाबा. तुमच्या कामात वाकडा दगड चालतो का?"

मिस्त्रींचं हसू मावळलं.  ते तटाच्या कडेने मोजत गेल्यासारखे चालत गेले, एका जागी वाकले आणि खालून तिसऱ्या थरातल्या दगडावर त्यांनी बोट ठेवलं.

"चालला," ते म्हणाले. "एकदा चालला."

तो दगड पापडासारखा सुटत होता. आजूबाजूचे सगळे धडधाकट आणि हा एकटाच पोपडे निघालेला. "दगडाला थर असतात, साहेब. खाणीत जसा आडवा झोपलेला असतो तसाच भिंतीत झोपवायचा. हा मी उभा बसवला. थरात पाणी शिरतंय, मीठ शिरतंय. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने अशी चूक केली असती, तर तुम्हाला आज इथे खड्डा दिसला असता. या दगडापासून बुरुजापर्यंत सगळं माझं."

प्राध्यापक गुडघ्यावर बसले, भिंग लावून पाहू लागले. टेप त्यांच्या हातातून कधीच गळून पडली होती.

"तुमच्यासारख्या माणसाकडून अशी चूक झाली कशी?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी लेकीकडे बघायचं टाळलं. "घरून निरोप आला, मुलगी झाली म्हणून. हातात हा दगड होता. ठेवला आणि पळालो. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, तोवर गड्यांनी वरचे दगड बसवले होते, चुना धरला होता. काढायचा तर आजूबाजूचे सात दगड उचकटावे लागले असते. कुणाला बोललो नाही. या तटाकडे परत फिरकलोही नाही कधी."

लेकीला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. म्हणजे सात वर्षं ते तिची फेरी टाळत नव्हते तर! निदान नुसती फेरीच नाही; टाळत होते ते हा दगडही. त्या सोललेल्या दगडावर तिने तळवा ठेवला. दगडाची भुकटी हाताला लागली, ती तिने झटकली नाही.

प्राध्यापक उठले. माणूस दिलाचा मोठा निघाला. "माझी चाळीस पानं पाण्यात गेली," ते म्हणाले, "पण छापून हसं होण्यापेक्षा हे बरं. तुमच्या लेकीने गप्प बसून माझे आभार घेतले असते, तर मला पत्ताही लागला नसता."

"ती तशी नाहीये," मिस्त्री म्हणाले.  "पायऱ्यांवर ते हातांचं सांगितलं ना तिने, मी चाळीस वर्षं त्या भिंतीला टेकून डबा खाल्ला. मला कधी दिसले नाहीत ते हात."

लेकीने वाकून पडलेली टेप उचलली आणि ती गुंडाळत राहिली. 

प्राध्यापकांनी नवं पान काढलं, पेनाचं टोपण उघडलं. "हा तुकडा कुणी बांधला ते आता नीट नोंदवतो. सांगा मिस्त्री, काय लिहू?"

मिस्त्रींनी सदऱ्याची कॉलर सारखी केली. छाती बरीच पुढे आली होती.

"लिहा," ते म्हणाले, "गाइडबाईंचे वडील."