वाढवलेला हात

जयवंत परबांचा डावा हात टेबलावरून जेमतेम चार बोटं उचलला जाई. डोळ्यांवर आभासी जगाचा चष्मा चढला की तोच हात छातीपर्यंत येई. मधलं अंतर नेत्राने भरलेलं होतं.

साकीनाक्याच्या एका औद्योगिक वसाहतीत, खोकी बनवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या गाळ्यात, नेत्रा जिथे संशोधन करी त्या संस्थेची प्रयोगशाळा होती. खालचं यंत्र पुठ्ठ्यावर दाबलं गेलं की वरची फरशी हलकेच धडधडे, आणि त्या धडधडीवरच नेत्राचा प्रबंध उभा राहत होता. आभासी जगांचा माणसांच्या जगाला नेमका काय उपयोग, हा तिच्या विभागाचा मोठा प्रश्न. तिच्या वाट्याला त्यातला एक लहानसा तुकडा आला होता : पक्षाघाताने लुळा पडलेला हात त्या जगात खऱ्याहून जास्त उचललेला दिसला, तर खरा हातही त्याच्या मागोमाग जातो का? निम्म्या लोकांना आपला हात होता तसाच दिसे, उरलेल्यांना वाढवून. कोणाला काय दिसतं आहे ते अभ्यास संपेपर्यंत सांगायचं नव्हतं. ‘काही बाबी शेवटी उलगडून सांगितल्या जातील’ या वाक्याखाली सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, आणि सही करताना ते वाक्य कोणीच वाचलं नव्हतं.

जयवंतकाका दुसऱ्या गटात होते. भांडुपच्या टेकडीवर चाळीत घर, विक्रोळीच्या एका कारखान्यातून निवृत्ती, आणि उमेदीची सगळी वर्षं डबलबारीत पखवाज वाजवण्यात गेलेली. डबलबारी म्हणजे दोन भजनमंडळांचा सामना. समोरासमोर दोन बुवा बसतात, आळीपाळीने अभंग आणि गवळण म्हणतात, आणि शेवटी गजरात एकमेकांची गाण्यातून यथेच्छ टर उडवतात. कोकणातून येऊन भांडुपला रुजलेल्या माणसांना ही टर देवाच्या प्रसादाइतकीच प्रिय. ज्याची टर उडते त्याची पत वाढते.

नेत्राच्या आभासी जगात पहिल्यांदा एक अंगण होतं, लिंबाचं झाड होतं आणि वाजवायला एक घंटा होती. काकांनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं.

“घंटा काय बडवूक लावतंस गे, बाय? मी काय पुजारी?”

वस्तू कोणतीही चालणार होती, हात उचलला जाणं महत्त्वाचं. म्हणून तिने अंगणात एक पखवाज आणून ठेवला. उजव्या पुडीचा कोरडा, टणक आवाज आणि डाव्या पुडीचा खोल, पोटातून येणारा धुमा, दोन्ही तिने खऱ्या वाद्यावरून उतरवून घेतले. ज्या दिवशी काकांचा तो दिसणारा डावा हात वर गेला, डाव्या पुडीवर पडला आणि धुमा घुमला, त्या दिवशी चष्म्याखालचा त्यांचा चेहरा नेत्राने पाहिला. कोणीतरी बंद घराची एकच खिडकी उघडावी आणि आतली धूळसुद्धा उजळून निघावी, तसा. तो तिला आयुष्यभर पुरला असता. पुढच्या महिन्यांत तिने त्यावर फार काही उधार घेतलं.

मग एका दुपारी, चष्मा काढता काढता, काका म्हणाले, “माघी गणपतीक मी बसतलंय.”

“कुठे बसणार, काका?”

“खंय म्हणजे? डबलबारीक! आमच्या नंदूबुवाक सांगान टाकलंय. समोर चंदरबुवा आसा. तो माका सोडूचो नाय.”

“ऐकता खंय!” कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सुगंधाकाकू म्हणाल्या. त्या प्रत्येक वेळी सोबत येत आणि त्या खुर्चीवर बसून वाती वळत. “घरात चायचो कप धरूक जमणा नाय, आणि म्हणे बारी.”

“घरात हात आळशी आसा. तुझ्यासारखो.”

“माझ्यासारखो आसतो तर भांडी घासल्यान असती!”

काका हसले. मग नेत्राकडे वळून, जणू तिलाच समजवावं लागणार अशा स्वरात म्हणाले, “हयसर हात उठता मा? मी माझ्या डोळ्यांनी बघतंय. बारीत रंग चढलो काय थंय पण उठतलो.”

“घरी पखवाजावर हात ठेवून बघितलात का कधी?”

काकांनी जीभ चावली. अर्ध्या हाताने वाद्याला शिवायचं नाही, ही त्यांच्या गुरूची शिकवण. आजार झाल्यापासून पखवाज मंडळाच्या खोलीत, खोळीत घालून ठेवलेला होता. त्यांनी तिकडे पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. आता हात पुरा झाला होता. त्यांच्या डोळ्यांदेखत झाला होता.

नेत्रा दुसऱ्या दिवशी अंधेरीला, विभागात गेली. चंद्रप्रकाश सर तिचे मार्गदर्शक. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ते नेहमीच सगळं ऐकून घेत.

“बसू दे ना त्यांना. नाही जमलं तर उठतील.”

“ते उठणाऱ्यातले नाहीत, सर. लोकांसमोर बसणार आहेत ते.”

“हे बघ. ते आले तेव्हा हात अजिबात हलत नव्हता. आता चार बोटं उचलला जातो. ती चार बोटं खरी आहेत, नेत्रा, ती आपण वाढवलेली नाहीत. मधेच सांगितलंस तर ते अभ्यासातून बाद होतात, हे सोडून दे. पण उद्यापासून तो तेवढाही उचलला गेला नाही, तर? विश्वासावरच चाललंय ना हे? मग कोणाचं भलं केलंस तू?”

युक्तिवादात खोट नव्हती. नेत्रा जिना उतरून खाली आली तेव्हा तिला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या सुटकेचीच लाज वाटली. काका बाद झाले असते तर तिच्या आलेखातली सर्वांत सुंदर चढती रेघ गेली असती. सर ते बोलले नव्हते. बोलण्याची गरज नव्हती.

पुढच्या खेपेला तिने एक केलं. कोणाला न सांगता हाताची वाढ थोडी कमी केली. त्यांना स्वतःलाच शंका यावी, त्यांनी स्वतःच नंदूबुवाला नाही म्हणावं, आणि आपल्यावर काही येऊ नये, असा तो भित्रा हिशेब. अंगणातला हात पोटापर्यंत आला आणि थांबला. काकांनी पुन्हा जोर केला. मानेच्या शिरा तटतटल्या, घाम चष्म्याच्या कडेवरून ओघळला.

“आज जड कित्या वाटता गे?” ते म्हणाले. मग, आणखी एकदा जोर करून, “म्हातारो झालंय काय मी?”

हा प्रश्न त्यांनी याआधी कधी विचारला नव्हता. नेत्राची बोटं कळफलकावर होती. तिने वाढ पूर्ववत केली. हात वर गेला, धुमा घुमला, आणि काका लहान मुलासारखे खुदकन हसले.

माघी गणपतीची बारी संध्याकाळीच ठेवली होती. दहानंतर भोंगे बंद करावे लागतात. भांडुपच्या त्या मैदानात मांडव भरून गेला होता. नेत्रा बायकांच्या बाजूला खुर्चीवर बसली. खोळीतून पखवाज काढताना काकांनी त्याला नमस्कार केला तो एका हाताने. सुगंधाकाकूंनी घरून मळून आणलेला कणकेचा गोळा नंदूबुवाच्या हाती दिला. डाव्या पुडीवर ओली कणीक थापल्याशिवाय धुम्याला तो खोल आवाज येत नाही. ती थापण्याचं काम काकांनी मात्र कोणाला करू दिलं नाही. उजव्या हाताने थापली, उजव्याच हाताने डावा हात उचलून तिच्यावर ठेवला. पांढरा सदरा, काळं जाकीट, टोपी. मांडवातून कोणीतरी ओरडलं, “परबांनू, इलात काय!” शिट्ट्या झाल्या.

नंदूबुवाने पेटीवर सूर धरला आणि अभंग उचलला. काकांचा उजवा हात बोलू लागला. अजूनही केवढा स्वच्छ हात होता तो! पहिल्या आवर्तनाला माणसं डोलली. समेवर धुमा यायचा होता. काकांचा डावा खांदा वर गेला, मान कलली, डोळे मिटले, सगळा देह त्या हाताच्या मदतीला धावला. आणि हात कणकेवरून चार बोटं उठून परत तिथेच पडला. थप्प. ओल्या पिठाचा आवाज.

पुढच्या समेला तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. अभंगाखालची जमीन निघून गेली होती. नुसतेच सूर वर तरंगत राहिले. नंदूबुवाने लय उतरवली, टाळकऱ्यांना जोर करायला खुणावलं, झांजांच्या खणखणाटात ती पोकळी बुजवायला पाहिली. मागे एक तरुण पखवाजवाला तयारच होता. पण काकांनी मान हलवून नकार दिला, आणि गवळण संपेपर्यंत ते तसेच वाजवत राहिले, उजवीकडे पूर्ण आणि डावीकडे काहीच नाही. डोळे त्यांनी मिटलेलेच ठेवले.

मग चंदरबुवाची बारी आली. याच माणसाने पूर्वी भर गजरात काकांच्या पखवाजाला रॉकेलचा डबा म्हटलं होतं आणि ते कडवं भांडुपभर झालं होतं. काका ते स्वतः गाऊन दाखवत. आज चंदरबुवाने गजर सुरू केला तसा मांडव पुढे सरसावला. त्याने नंदूबुवाच्या पेटीची टर उडवली, त्याच्या पिकल्या मिशांची उडवली, आयोजकांच्या पावतीपुस्तकाची उडवली. हशा, टाळ्या, पुन्हा हशा. पखवाजावर तो आलाच नाही. एकदा ओळ त्या दिशेला वळली असं वाटलं, तेव्हा तो मधेच थांबला, काकांकडे बघून त्याने हात जोडले आणि विठ्ठलाचं नाव घेतलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कौतुकाच्या, मनापासून. काकांनी डोळे उघडले ते तेव्हा, आणि त्यांनी समोर असं पाहिलं, की नेत्राला आपल्या खुर्चीत बसवेना. इतका वेळ हात पडत होता तेव्हा तो चेहरा शाबूत होता. तो त्या टाळ्यांनी पडला.

अभ्यासाच्या शेवटच्या दिवशी ते येतील असं तिला वाटलं नव्हतं. ते आले. सुगंधाकाकूंनी वाती आणल्या नव्हत्या. त्या पदराचा शेव धरून बसल्या.

नेत्राने सांगायची वाक्यं घोकून ठेवली होती. ती एकही आली नाही. “काका, तिथे दिसायचा तो हात आम्ही वाढवून दाखवत होतो. तुमचा हात चार बोटं उचलला जातो. बाकीचं आम्ही केलेलं होतं.”

खालचं यंत्र दोनदा दाबलं गेलं.

“बारीच्या आधी तुका म्हायत होता?” काकांनी विचारलं.

“हो.”

“माका तरी सांगूचा होता,” सुगंधाकाकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. “कणीक कित्याक मळूक दिलंस?”

ती चार बोटं खरी होती, असं काहीतरी नेत्राच्या जिभेवर आलं, आणि ते सरांचं वाक्य आहे हे ओळखून तिने ते गिळलं.

काकांनी मांडीवरला डावा हात उजव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला. “चंदर माका बोललो नाय,” ते म्हणाले. “ह्यापेक्षा मोठे मोठे घोळ केलंय मी बारीत. सोडल्यान नाय कधी. आता हात जोडल्यान. मेलेल्या माणसाक हात जोडतत.” मग मान वर करून, “लाव तुझो चष्मो.”

“काका, आता गरज नाही—”

“लाव गे. खरो दाखव.”

तिने चष्मा चढवला, पट्टा आवळला, आणि सगळी वाढ काढून टाकली. अंगण उमटलं, लिंबाचं झाड, पखवाज. त्यावर ठेवलेला हात चार बोटं उठला आणि पडला. धुम्यातून काहीच आलं नाही. एवढ्या कमी उंचीवरून पडणाऱ्या हातासाठी तिने आवाज नोंदवलाच नव्हता.

“हो माझो हात,” काका म्हणाले.

त्यांनी पुन्हा उचलला. पुन्हा. मग चष्म्यातूनच, जिकडे ती उभी असेल असं वाटलं तिकडे तोंड करून म्हणाले, “बोल आता काय ता.”

“काय बोलू?”

“चंदर बोलतो असतो तसा. नाव ठेव माझ्या हाताक.”

नेत्राने तोंड उघडलं. इतक्या पानांचा प्रबंध लिहून झालेला, आणि एक टोमणा तिला सुचेना. “काका, खरं तर तुमची प्रगती खूप छान—”

“छान नको गे!” ते जवळजवळ ओरडले.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सुगंधाकाकू उठून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. चष्म्यामुळे काकांना त्या दिसत नव्हत्या. कमरेवर हात ठेवून, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “असलो हात घेवन बारीक बसलात? ह्येच्यापरास माझो वरवंटो बरो! ढकललो तर हलता तरी!”

काकांचे खांदे हलू लागले. पडद्यावर त्यांच्या डोक्याची हालचाल टिपणारी रेघ थरथरली, वर गेली, खाली आली, वेडीवाकडी धावत सुटली. संगणकाला हसणं आणि रडणं वेगळं काढता येत नव्हतं. नेत्राने पडद्यावरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिलाही येईना. चष्म्याच्या खालच्या कडेतून पाणी हनुवटीपर्यंत उतरलं होतं, आणि तोंड उघडं होतं.

“परत म्हण,” काका म्हणाले.