सरळ पाणी

आमच्या शाळेत पाण्याच्या रेणूचे दोन आकार आहेत. एक सरांच्या नोट्समधला, सरळ रेघेसारखा: मध्ये ऑक्सिजन, दोन बाजूंना दोन हायड्रोजन. दुसरा खरा, म्हणजे वाकलेला. शाळेच्या परीक्षेत सरळ काढायचा, बाहेरच्या मोठ्या परीक्षेत वाकलेला. पोरं विचारतात, "बाई, आतला की बाहेरचा?" आणि मीही कोडगेपणाने सांगते. नऊ वर्षं हेच चाललंय.

सर म्हणजे माझे सासरे. शाळा त्यांची, नोट्स त्यांच्या, घरही त्यांचंच. तीस वर्षांपूर्वी त्यांनी लिहून ठेवलं की कार्बन डायऑक्साइड सरळ असतो, तसंच पाणीही. पहिला अर्धा बरोबर आहे, म्हणून तर दुसरा इतकी वर्षं खपला. चूक दाखवायला गेलेल्या एका शिक्षकाला त्यांनी पुढच्या वर्षी घेतलंच नाही. सुनेला काढून टाकायची सोय नसते, पण बोलायचीही नसते. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग दुसऱ्या गावातल्या कॉलेजातून मला पत्र आलं. पहिल्या वर्षाला शिकवायचं, प्रयोगशाळा सांभाळायची. शुक्रवारी मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. आणि माझी प्रमाणपत्रं सरांच्या कपाटात. रुजू होणाऱ्या प्रत्येक शिक्षकाची ती आमच्याकडे ठेवून घेतात, म्हणजे कुणी वर्षाच्या मध्येच निघून जात नाही. सुनेची तर सगळ्यांत आधी घेतली होती.

नवऱ्याला सांगितलं. तो बूट पुसत म्हणाला, "तुम्ही दोघं काय ते बघून घ्या." या माणसाने आजवर एकाही भांडणात बाजू घेतलेली नाही, आणि याला तो समजूतदारपणा म्हणतो.

बुधवारी सकाळी मी ऑफिसात गेले. पत्र वाचून सर रागावले नाहीत. त्यांनी नोट्सच्या नव्या आवृत्तीचं बाड माझ्यापुढे सरकवलं. वर त्यांच्या नावाखाली माझं नाव होतं.

"जायचं तर जा," ते म्हणाले. "पण हे तुझ्याही नावाने निघू दे. आणि आज वर्गात रेणूंचे आकार घे. मी मागे बसतो. नोट्सप्रमाणे शिकव, आणि संध्याकाळी तुझे कागद घेऊन जा."

दगडाखाली हात होता. मी हो म्हटलं. लाज वाटली, पण हो म्हटलं. लाज वाटून घ्यायला शुक्रवारनंतर हवा तेवढा वेळ होता.

हा धडा मी फुग्यांवर शिकवते. दोन फुगे गाठीशी एकत्र बांधले की ते समोरासमोर सरळ उभे राहतात. तीन बांधले की सपाट त्रिकोण. चार बांधले की एक वर आणि तीन खाली पसरतात. ऑक्सिजनभोवती इलेक्ट्रॉनच्या चार जोड्या असतात, म्हणून चार फुगे. त्यांतल्या दोन जोड्या हायड्रोजनला धरून असतात. उरलेल्या दोन कुणाशीच बांधलेल्या नसतात, पण जागा मात्र अडवतात आणि त्या दोघांना रेटून जवळ आणतात. म्हणून पाणी वाकतं.

त्या दिवशी मी चार फुग्यांचा घोस टेबलावरच राहू दिला आणि दोन फुग्यांचा उचलला. "आणि हे पाणी," असं म्हणून फळ्यावर सरळ रेघ ओढली. खडू मोडला.

पहिल्या बाकावरच्या मुलीला स्टाफरूममध्ये शंकासूर म्हणतात. तिचा हात वर झाला. "बाई, हे आतलं ना? बाहेरचं कधी घेणार?"

वर्ग हसला. "आतलं म्हणजे काय?" मागून सरांनी विचारलं.

बिचारीला वाटलं, सरांना खरंच माहीत नाही. तिने टेबलावरचे चार फुगे उचलले आणि कोणती परीक्षा, कोणता आकार, हे सगळं त्यांना नीट समजावून सांगितलं. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि ते उठून गेले.

मी मागोमाग ऑफिसात गेले. कपाटाची किल्ली टेबलावर पडली होती.

"सगळ्यांना ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"शिपायालासुद्धा?"

"त्याची मुलगी इथेच शिकली, बाबा." शाळेत मी त्यांना कधी बाबा म्हणत नाही.

ते ओरडले असते तर मीही ओरडले असते, आणि किल्ली उचलून कपाट उघडलं असतं. तेवढी तयारी करूनच आले होते. पण त्यांनी चष्मा काढला, आणि त्यांचे डोळे भरलेले दिसले.

"सगळे मला हो हो म्हणत राहिले. तूसुद्धा."

"मीसुद्धा."

"अजून काय काय चुकलंय यात?"

काही नाही, असं म्हणता आलं असतं. "बरंच," मी म्हटलं.

त्यांनी बाडावरचं स्वतःचं नाव खोडलं. "मग तू गेलीस तर मला खरं कोण सांगणार, पोरी? हे सगळं तू नीट कर. तुझ्या एकटीच्या नावाने निघू दे. कॉलेज काय, कुठे पळून जातंय?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा ते मला पोरी म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला. किल्ली त्यांनी लपवली नव्हती. हात पुढे केला की मिळत होती.

"शुक्रवारी जायचंय मला," मी म्हटलं. आवाज कसाबसाच निघाला.

"काय म्हणालीस?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसले. "पहिलं पान काढा."