न उतरवलेलं अंडं

अमावास्येला वडवणीजवळच्या माळावर जेवढी माणसं जमायची, तेवढी आमच्या आठवडी बाजारालाही जमत नाहीत. प्रत्येकाच्या हातात एक अंडं. ते आजाऱ्यावरून उतरवायचं आणि सुग्रीव महाराजांना द्यायचं. महाराज ते फोडून पांढरं तेवढं बरणीतल्या निळ्या पाण्यात सोडत. बघता बघता पाणी जांभळं होई.

"अंड्यानं बाधा ओढली," महाराज सांगत. "गडद रंग म्हंजे जुनी बाधा. फिका पडला की सुटका जवळ आली."

पुढच्या खेपांना रंग खरोखरच फिका पडायचा. माणसं रडत पाया पडायची.

मी वडवणीत रक्त तपासायची लॅब चालवते. हा जांभळा रंग मी रोज सकाळी बघते. मला एकदाही रडू आलेलं नाही.

आम्हाला दूध घालणाऱ्या बबिताचा मुलगा अभिमन्यू मध्यंतरी अंगभर सुजला होता. अंबाजोगाईच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी सूज उतरली. महाराजांनी गोळ्या बंद करायला लावल्या आणि ती परत आली. आता पोराचे डोळे उघडत नव्हते. त्याची आजी साखराबाई मात्र खुशीत होती.

"रंग फिका पडायलाय, ताई. पोरगं सुधारायलंय."

पोराकडे बघायचं सोडून ही बाई बरणीकडे बघत होती. माझं डोकं फिरलं. अमावास्येला मी घरून एक अंडं घेऊन माळावर गेले.

"महाराज, हे कुणावरूनच उतरवलेलं नाही. घालून बघा."

नाही म्हणायची सोय नव्हती. पाणी जांभळं झालं.

"तुझीच बाधा आली त्यात," महाराज म्हणाले. "शिकलेल्याची लई चिवट असती."

लोक हसले. साखराबाईच्या चरवीत नैवेद्याचं शेळीचं दूध होतं. मी चमचाभर मागून घेतलं आणि दुसऱ्या बरणीतल्या निळ्या पाण्यात ओतलं. तेही जांभळट झालं.

"शेळीलाबी बाधा लागती," महाराज घाईनं बोलून गेले.

"कोन्च्या शेळीला?" साखराबाई पुढे आली. "आज सकाळी मीच धार काढली. माझी शेळी धडधाकट हाय. काय झालंय तिला, सांगा."

महाराज बरण्या आवरायला लागले. नातवाबद्दल म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं होतं, शेळीबद्दल ऐकणार नव्हती.

मग मी सांगितलं. निळं पाणी म्हणजे मोरचूद, कॉस्टिक सोडा आणि आणखी एक क्षार. त्यात प्रोटीन पडलं की रंग जांभळा होतो. अंड्यात प्रोटीन असतं, दुधातही असतं. जास्त प्रोटीन, गडद रंग. पहिल्या खेपेला महाराज सगळं पांढरं ओततात, पुढे थोडं थोडं कमी करतात. सुटका जवळ येते ती अशी.

"मंग पोराचं काय?" पोराला घेऊन आलेल्या बबितानं विचारलं.

तिला पोरासकट लॅबवर आणलं. अभिमन्यूचं रक्त घेतलं, माझंही घेतलं. दोन्हींतलं वरचं पिवळसर पाणी काढून तेवढंच तेवढं निळ्या द्रावणात घातलं. माझी नळी छान जांभळी झाली. अभिमन्यूची फिकी राहिली.

"फिका हाय," साखराबाई हळूच म्हणाली. "म्हंजे बरा झाला?"

"नाही, मावशी. रक्तात राहायला हवं ते प्रोटीन लघवीवाटे निघून चाललंय. म्हणून तो सुजलाय. आपला रंग गडदच हवा."

म्हातारी दोन नळ्यांकडे बघत राहिली. मग पदराची गाठ सोडून तिनं गोळ्यांची पट्टी काढली. महाराजांनी फेकायला सांगितलेली औषधं तिनं जपून ठेवली होती.

"काहून ठिवली, मलाबी कळलं न्हाई," ती म्हणाली आणि रडली. संध्याकाळच्या एसटीनं ती तिघं अंबाजोगाईला गेली.

अभिमन्यू आता गोळ्या घेतो, शेळ्यांमागे पळतो. महाराज माळ सोडून गेले, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी माळावर असतील. तुमच्याकडे आले तर भांडू नका. घरून एक अंडं न्या, कुणावरूनही न उतरवलेलं. ते बरणीत घालायला सांगा आणि काय होतं ते स्वतः बघा. डॉक्टरांच्या गोळ्या तोवर चालू ठेवा.