नऊ पॉइंट तीन सात

मी संगणकावरच्या हिशोबाच्या एका फाईलमधला पिवळा चौकोन बोलतोय. जरा घाईतच बोलतो, कारण माझ्यात कधी कोणता आकडा येऊन बसेल याचा नेम नसतो. आज बोलणारा मी आणि उद्याचा मी एकच असू, याची मलाच खात्री नाही.

माझा जन्म एका ऑनलाइन वर्गात झाला. पैसे गुंतवण्याआधी कंपनीची किंमत कशी काढावी, हे तिथे एक बाई शिकवायच्या. कंपनीकडे पुढच्या दहा वर्षांत किती पैसा येईल ते मांडायचं, उद्याच्या शंभराची किंमत आज शंभर नसते म्हणून त्याला थोडी कात्री लावायची, आणि तळाशी सगळ्याची बेरीज करायची. माझ्याखालचे शेकडो चौकोन सूत्रांनी बांधलेले आहेत. ते बिचारे सांगितलं तेवढं करतात. मी मात्र पिवळा. "पिवळ्यात माणसाने आपला अंदाज भरायचा," बाई म्हणाल्या. कंपनी दर वर्षी किती टक्के वाढेल, तो अंदाज माझ्या वाट्याला आला.

म्हणजे सगळा डोलारा माझ्या डोक्यावर. मला तेव्हाच धडकी भरली.

माझी मालकीण दातांच्या कवळ्या बनवते. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या लॅबमध्ये राबून तिने स्वतःच्या लॅबसाठी पैसे साठवले आहेत. कवळी अर्धा मिलिमीटर चुकली तर हिला जेवण जात नाही, अशी काटेकोर बाई. पण तेच पैसे मामाने मागितले. मामाची लिफ्टची देखभाल करणारी कंपनी आहे, हाताखाली सहा मेकॅनिक. आईवडिलांच्या मागे त्यानेच हिला लहानाची मोठी केली. "कंपनीत तिसरा हिस्सा घे. वर्षाला नऊ टक्के वाढ तर कुठे गेली नाही," असं तो म्हणाला. हिला नाही म्हणायला जीभ रेटेना आणि हो म्हणायला मन धजेना. म्हणून ती हे गणित शिकायला बसली. नकार आलाच, तर तो गणिताने दिला असं सांगता येईल, हा तिचा बेत. माणसं मोठी हुशार असतात हो!

पहिल्या दिवशी तिने माझ्यात पाच टाकला. तळाला आलेली किंमत मामाच्या मागणीच्या जवळपासही नव्हती. तिने दचकून सहा केला. मग सात. मामाचा फोन आला की मी आठ व्हायचो, फोन ठेवला की पुन्हा सहा. एकदा मामीने हिच्यासाठी विणलेला स्वेटर पाठवला, तर मी त्या दिवशी थेट साडेआठ! मला नुसती चक्कर यायची. मी हललो की खालचे सगळे हलायचे, आणि तळाचा आकडा टुणकन उडी मारायचा. शेजारच्या चौकोनात त्या अंदाजाचं कारण लिहायचं होतं. तो आपला कोराच.

शेवटी तिने उलटाच उद्योग केला. मामाची मागणी तळाशी ठेवली आणि संगणकालाच विचारलं, की एवढी किंमत यायला वर काय टाकू? त्याला काय, त्याने डोळे मिटून सांगितलं. मी नऊ पॉइंट तीन सात झालो. तिने हुश्श केलं. मला मात्र अंगात दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं झालं.

पुढच्या वर्गात बाईंनी तिची फाईल सगळ्यांसमोर उघडली आणि सरळ माझ्यावर बोट ठेवलं.

"हे कुठून आलं?"

"अंदाज आहे, मॅडम."

"अंदाज करणारा माणूस नऊ म्हणतो, फार तर साडेनऊ. नऊ पॉइंट तीन सात म्हणणारा उत्तर आधी ठरवून आलेला असतो."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. हिने कॅमेरा बंद केला. ती रडत होती, आणि मला तिचा राग येत होता नि दयाही.

रविवारी दुपारी मामा आला. बसायच्या आतच त्याने विचारलं, "मग, काय म्हणतंय तुझं गणित?"

तिने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. "मामा, हा पिवळा चौकोन आहे ना, तो मला भरता येत नाहीये. कंपनी किती वाढणार ते तूच टाक."

"मी कशाला? नऊ म्हटलं होतं ना तुला."

"मग टाक की नऊ."

मामाने चष्मा चढवला. लिफ्टच्या तारा तपासून राठ झालेलं त्याचं बोट नऊवर गेलं आणि तिथेच राहिलं. मी श्वास रोखून वाट बघत होतो. एक बटण दाबायला एवढा वेळ कुणी घेतलेला मी पाहिला नव्हता.

"त्या मोठ्या हॉस्पिटलचं काम सुटलं," तो पडद्याकडे बघतच म्हणाला. "नव्या लिफ्टा आता बनवणारेच सांभाळतात. आपल्याकडे जुन्याच उरल्यात."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं. तुला कोणत्या तोंडाने सांगणार?"

त्याने माझ्यातला आकडा पुसला. मी रिकामा झालो. मग त्याने कीबोर्डावर इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाळा, यात उणे कसं टाकतात?"

तिने त्याचं बोट धरून त्या चिन्हावर नेलं. चार त्याने स्वतःच दाबला. तळाचा आकडा कोसळला.

आता मी उणे चार आहे. तिने स्वतःच्या लॅबसाठी दात भाजायची भट्टी मागवली आहे, आणि ती जिन्याने न्यावी की लिफ्टने, यावर दोघांचं रोज वाजतं. मला मात्र अजून चैन नाही. मामाच्या सहा माणसांचं काय होणार, हा हिशोब माझ्यात मांडता येत नाही. तुमच्याही फाईलमध्ये माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला गप्प बसवायला आकडा कोंबू नका. ज्याची कंपनी आहे त्याला एकदा शेजारी बसवा, कीबोर्ड त्याच्या हाती द्या, आणि घाई करू नका. त्याचं बोट थांबलं, तर थांबू द्या.