सतरा बाजारांचा लेखक

ती आणि तिचा नवरा बाजाराच्या शेवटच्या रांगेत, नळाशेजारी, माशांचं सूप विकायचे. चार स्टुलं, दोन मोठी पातेली आणि एक लाकडी फळी एवढाच पसारा. नवरा मासे साफ करायचा, ती सूप करायची. शेजारी तिची थोरली नणंद अंडी विकायची आणि गिऱ्हाईक नसलं की दोघांवर डाफरायची. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. सूप संपलं की पातेली घासायची आणि घरी जायचं. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

एका सकाळी नणंद वर्तमानपत्र घेऊन आली. जगभरचे खाण्याचे बाजार हिंडून त्यांच्यावर लिहिणारा एक नावाजलेला लेखक होता. त्याचं ‘सतरा बाजार’ नावाचं पुस्तक येणार होतं आणि त्यातलं एक प्रकरण पेपरात छापलं होतं. ते यांच्याच बाजारावर होतं. फळवाल्यांचं कौतुक, पाववाल्याचं कौतुक आणि शेवटी एक परिच्छेद. ‘मार्चच्या पहिल्या मंगळवारी नळाजवळच्या सूपवाल्याकडे गेलो. कालचे मासे, आजचं मीठ. मालकाच्या नखांत काळा मळ. त्याच हातानं त्यानं वाडगा पुढे केला. मी तो तसाच ठेवून उठलो.’

“मार्चचा पहिला आठवडा?” नवरा म्हणाला. “तेव्हा तर बाजार बंद होता. छपराचे पत्रे बदलत होते.”

“वाचणारे छपराचं विचारणार आहेत का?” नणंद म्हणाली.

कुणीच विचारलं नाही. पहिल्या आठवड्यात नेहमीची गिऱ्हाइकं आली, पण वाडगा हातात घेण्याआधी त्यांची नजर नवऱ्याच्या बोटांवर जायची. नवरा रोज सकाळी नखं कापायला लागला. मग दिवसातून दोनदा. इतकी आत कापायचा की बोटांच्या टोकांना रक्त यायचं, आणि मग पट्टी बांधलेली बोटं बघून लोक आणखीच लांबून जायचे. तिनं पेपरच्या कचेरीत तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. बाजाराच्या अधीक्षकानं बोलावून घेतलं, खुर्ची काही दिली नाही.

“साहेब, त्या दिवशी बाजाराला कुलूप होतं. चावी तुमच्याकडेच होती,” ती म्हणाली.

“बाई, छापून आलंय,” अधीक्षक म्हणाला. “आता मी काय करू?”

त्यानं जागा काढून घेतली आणि रसवाल्याला दिली. नवरा घरी बसला. जेवायला वाढलं की आधी हात पुढे करून तिला दाखवायचा, “बघ, स्वच्छ आहेत ना?” आठ महिन्यांनी एका दुपारी तो खुर्चीतच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. हृदयाला काय झालं होतं ते तिला ठाऊक होतं.

महिन्याभरानं तिनं ते पुस्तक विकत आणलं आणि आठवडाभर वाचलं. मग नणंदेला म्हणाली, “वन्सं, जो कुलूप लावलेल्या बाजारात जेवून आला, तो बाकीच्या सोळा बाजारांत तरी गेला असेल का?”

“असेल नसेल. तुला काय त्याचं?”

“मला बघायचंय.”

“डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? तू कधी शेजारचं गाव पाहिलं नाहीस!”

पण तिचं ठरलं होतं. बंदरावर मालवाहू जहाजांना स्वयंपाकी लागतात आणि बायका सहसा त्या वाटेला जात नाहीत, हे तिला माहीत होतं. पहिल्या दोन कप्तानांनी तिला हसून परत पाठवलं. तिसऱ्याचे खलाशी आधीच्या आचाऱ्याच्या हातचं खाऊन बंडाच्या बेतात होते. त्यानं तिच्या हातचं एक जेवण चाखलं आणि तिला ठेवून घेतलं.

तीन वर्षं ती समुद्रावर होती. जहाज बंदराला लागलं की भाजी, मासे, अंडी भरायला आचाऱ्याला बाजारात जावंच लागतं. खरेदी उरकली की ती पिशवीतून पुस्तक काढायची आणि बंदरावरच्या मोडक्यातोडक्या भाषेत विचारत सुटायची. हा माणूस इथे आला होता का? हे दुकान कुठे आहे? ही बाई कोण? कुणी हसायचं, कुणी हाकलायचं. पण ती परत परत येते, पारखून घेते आणि घासाघीस अशी करते की विकणाराही दमतो, हे पाहून लोक तिला ओळखायला लागले. तिला ‘जहाजवाली’ म्हणायला लागले.

पुस्तकातले अकरा बाजार तिच्या वाटेवर लागले. त्यातल्या सात ठिकाणी त्यानं पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! जिथे त्यानं काचेचा घुमट लिहिला होता तिथे साधं कौलारू छप्पर होतं. त्याच बाजारात त्यानं पहाटे माशांचा लिलाव लिहिला होता, आणि तिथे मासे कधी विकलेच गेले नव्हते. तिनं प्रत्येक बाजाराच्या कचेरीतून शिक्क्याचा कागद घेतला. एका कचेरीत त्यासाठी चार फेऱ्या घातल्या.

उरलेल्या चार ठिकाणी मात्र तो खरंच गेला होता. त्यातल्या एका उतारावरच्या बाजारात एक म्हातारा लिंबं विकायचा. त्याच्या गाळ्यात लेखकाचा फोटो टांगलेला होता. “फार भला माणूस,” म्हातारा म्हणाला. “सबंध सकाळ माझ्याजवळ बसला. पेट्या उचलू लागला. गेल्यावर आठवणीनं फोटो पाठवला.” तिनं तिथे उभ्या उभ्या ते प्रकरण पुन्हा वाचलं. शब्दन् शब्द खरा होता. त्या दिवशी तिला जेवढा संताप आला तेवढा आधी कधीच आला नव्हता. म्हणजे ह्याला खरं लिहिता येत होतं. आमच्या वेळी फक्त कंटाळा आला होता.

तिसऱ्या वर्षी एका बंदरात तिनं जाहिरात पाहिली. ‘लेखकासोबत तीन बाजार. सहा दिवसांची सहल.’ सहल काढणाऱ्या कंपनीनं मार्ग पुस्तकावरून आखला होता, त्यामुळे लेखकाची पंचाईत झाली असणार. तिन्ही बाजार तिच्या ओळखीचे होते. त्यातल्या दोन ठिकाणी तो कधी गेला नव्हता, तिसरा लिंबूवाल्याचा. तिनं कप्तानाकडे रजा मागितली, साठवलेलं सगळं काढलं आणि सहलीत नाव घातलं.

एकूण नऊ प्रवासी होते. निवृत्त शिक्षक नवराबायको, एक दातांची डॉक्टरीण आणि आणखी काही लोक, सगळे लेखकाचे चाहते. लेखक उंच, गोड बोलणारा, सगळ्यांची बॅग उचलायला पुढे होणारा. “तुम्ही काय करता?” त्यानं तिला विचारलं.

“स्वयंपाक,” ती म्हणाली.

“वा! मग तुमचं आणि माझं जमणार.”

पहिल्या बाजारात तो कंपनीच्या वाटाड्याला विचारून सगळ्यांना थेट चीजच्या दुकानापुढे घेऊन गेला. पुस्तकात तिथे मिशीवाला हडकुळा दुकानदार होता, लेखकाचा जुना दोस्त. दुकानातून एक धिप्पाड बाई बाहेर आली, लेखकाला ओलांडून पुढे गेली आणि हिला कडकडून भेटली. “अगं जहाजवाली! किती दिवसांनी!”

लेखक क्षणभर गडबडला. “यांचे यजमान असायचे तेव्हा इथे,” तो सगळ्यांना म्हणाला. वाटाड्यानं भाषांतर केलं तशी बाई खो खो हसली. “माझं लग्नच झालेलं नाही. तीस वर्षं हे दुकान मी एकटी चालवते. कोण आहे हा?”

सगळे हसले. लेखकही हसला, पण त्याची नजर पहिल्यांदा हिच्यावर थांबली.

दुसरा बाजार घुमटाचा. तिथे कौलं बघून शिक्षक म्हणाले, “घुमट कुठे आहे हो?”

“पाडला असेल. नवं बांधकाम दिसतंय.”

हिनं पिशवीतून शिक्क्याचा कागद काढला आणि काही न बोलता डॉक्टरिणीच्या हातात दिला. डॉक्टरिणीनं वाटाड्याकडून तो मोठ्यानं वाचून घेतला. ही इमारत नव्वद वर्षं जशीच्या तशी आहे, इथे मासे विकले जात नाहीत, असं त्यात होतं. शिक्षकांची बायको म्हणाली, “अहो, नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत मी त्या लिलावाचं वर्णन मुलांना वर्गात वाचून दाखवायची.” लेखकाच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी तो तिच्या टेबलाशी येऊन बसला. “कोण आहात तुम्ही? कुठल्या पेपरच्या?”

“सूपवाल्याची बायको.”

“कुठला सूपवाला?”

तिनं बाजाराचं नाव सांगितलं. नळ सांगितला, मंगळवार सांगितला, नखं सांगितली. तो मनापासून आठवायचा प्रयत्न करत होता, हे तिला दिसत होतं. ते बघून तिनं हातातला चमचा खाली ठेवला.

“खरंच आठवत नाही हो,” तो म्हणाला. “त्या शहरात मी दोन तास होतो. कुणाकडून ऐकलं ते लिहिलं. सगळंच गोड गोड झालं की लोकांचा विश्वास बसत नाही. एखादं वाईट दुकान घालावं लागतं. तुमच्यावर राग वगैरे काही नव्हता.”

“राग असता तर बरं झालं असतं.”

“काय हवंय तुम्हाला? मी माफी मागतो. इथे, आत्ता.”

“इथे नको,” ती म्हणाली.

तिसऱ्या बाजारात पोचले तेव्हा सगळे त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून चालत होते. पण लिंबूवाल्या म्हाताऱ्यानं त्याला लांबूनच ओळखलं. काठी टाकून तो पुढे आला, त्याचे दोन्ही हात धरले. टांगलेला फोटो दाखवला. लेखकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते खोटं नव्हतं. बाकीच्यांचे चेहरे सैल झाले. शिक्षकांच्या बायकोनं तर हिच्या दंडावर हात ठेवला. झालं गेलं सोडून दे, असा तो हात होता.

हिनं दंड सोडवून घेतला. पर्समधून पेपरचं कात्रण काढून लेखकापुढे धरलं.

“वाचा. मोठ्यानं. वाटाड्या आजोबांना सांगेल.”

“इथे नको. प्लीज. याच्यासमोर नको.”

“म्हणूनच इथे.”

त्यानं वाचलं. एक ओळ तो वाचायचा, तीच ओळ वाटाड्या म्हाताऱ्याच्या भाषेत सांगायचा. प्रत्येक ओळ दोनदा ऐकू आली. नखांपाशी त्यानं कात्रण खाली केलं. “पुढे,” ती म्हणाली. त्यानं पुरं केलं. मग तिनं कुलपाचं सांगितलं, रक्ताळलेली बोटं सांगितली, खुर्ची सांगितली. म्हाताऱ्यानं एकच विचारलं, “हा त्या माणसाला भेटला तरी होता का?”

“नाही,” लेखक म्हणाला.

म्हाताऱ्यानं फोटो खाली उतरवला. फाडला नाही, टाकला नाही. फक्त त्याच्या हातात दिला आणि लिंबांवर पाणी मारायला वळला. लेखक तो फोटो धरून उतारावर एकटाच उभा राहिला. परत चढताना तिनं वळून पाहिलं, एकदा नाही, तीनदा. पोटभर पाहून घेतलं.

पुढचं सगळं डॉक्टरिणीनं केलं. सातही कागदांच्या प्रती पेपरकडे गेल्या, प्रकाशकाकडे गेल्या. पुस्तक बाजारातून मागे घेतलं गेलं. कंपनीनं सहली बंद केल्या. पेपरात पहिल्या पानावर चौकट आली आणि त्यात सूपवाल्याचं पूर्ण नाव होतं. नणंदेनं ती चौकट कापून अंड्यांच्या ट्रेमागे चिकटवली.

अधीक्षकाचा निरोप आला, जागा परत देतो. तिनं उलट निरोप पाठवला, स्वतः येऊन सांगा. तो आला आणि सगळ्या रांगेसमोर त्यानं सांगितलं. तिनं त्याला उभंच ठेवलं. मग म्हणाली, “जागा वन्संच्या नावावर करा. त्यांना नळाजवळ बरं पडेल. मी दर दोन महिन्यांनी बंदराला लागते तेव्हा बघून जाईन, कुणी त्रास देत नाही ना.”

अधीक्षक गेल्यावर नणंदेनं तिला चहा दिला. “बाई गं, झालं ना मनासारखं? तो माणूस म्हणे घराबाहेर पडत नाही आता. त्याच्या मुलीनं पत्र पाठवलंय तुझ्या नावानं. वडील जेवत नाहीत, एकदा माफ केलं म्हणून कळवा, म्हणते.”

तिनं पत्र घेतलं, उभ्यानं वाचलं, घडी घातली.

“काय कळवू?” नणंदेनं विचारलं.

“काही नको.”

“मुलीची काय चूक?”

“काही नाही. माझीही नव्हती.” तिनं चहा संपवला.

नणंदेनं तिचा रिकामा कप उचलला. “आता शांत वाटतंय का तुला?”

तिनं खरंच विचार केला. “शांत नाही,” ती म्हणाली. “बरं वाटतंय.” आणि रिकामी पिशवी उचलून, जहाज सुटायच्या आत कांदे बघायला ती पुढच्या रांगेत गेली.